कोथरूडात पोरं पत्ते कुटतात हो!

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर बसा, उभ्याने ऐकण्यासारखं नाही. कोथरूडात, म्हणजे जिथे दहावीच्या वर्षी टीव्ही बंद आणि बारावीच्या वर्षी सख्ख्या मामाच्या लग्नालासुद्धा जात नाहीत त्या कोथरूडात, सहा-सात वर्षांची पोरं भरदिवसा पत्ते कुटत बसलेली असतात. आणि चोरून नव्हे बरं का. आया पिसून देतात, आज्या वाटतात. मयूर कॉलनीतल्या एका घरात तर म्हणे पानं वाढलेली, आमटी निवतेय, आणि घरातला कर्ता माणूस म्हणतोय, “एवढा हात होऊ दे.”

आमच्या लहानपणी पत्त्यांचा कॅट हा घरातला कायमचा संशयित होता. मे महिन्यात तो लोखंडी कपाटातून बाहेर यायचा, शाळा सुरू झाली की परत आत. गणपतीच्या जागरणाला सवलत, कोजागरीला सवलत. एरवी कुणाच्या हातात दिसला की “पुढे जुगार खेळणार का?” हा प्रश्न ठरलेला. बदाम सात सभ्य, झब्बू चालेल, मेंढीकोट मोठ्यांचा. रमी म्हटलं की आवाज खाली. तीन पत्तीचं तर नावही काढायचं नाही. ज्यांनी तेव्हा कपाटाची किल्ली पदराला बांधली होती, त्याच बायका आज नातवाला विचारतात, “काय रे, आज डाव नाही का मांडायचा?” कलियुग म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण गप्प बसणं आम्हाला जमत असतं तर आम्ही पुण्यात कशाला राहिलो असतो?

तर प्रकरण असं आहे. या पत्त्यांवर राजा-राणी नाहीत. अक्षरं आहेत, आकडे आहेत, भांडीकुंडी आहेत, म्हणी आहेत. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोरांचं मराठी सुधारावं म्हणून हा उद्योग आरंभलाय. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं झालं. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने भाषेला अभिजात दर्जा दिला आणि आम्ही सगळ्यांनी एकमेकांना अभिनंदनाचे निरोप पाठवले. ते पाठवून होतात न होतात तोच आमच्या वरच्या मजल्यावरची नात आजीला विचारते, “आजी, एकोणसत्तर म्हणजे फिफ्टी नाइन का सिक्स्टी नाइन?” अभिजात घरात आणखी किती सोसायचं?

या ‘एकोण’चं दुखणं जुनं आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बाहत्तर’च्या जोडीला ‘सत्तर दोन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढी हसाहशी झाली! विधानसभेपर्यंत गाजलं. पुस्तकाच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की या जोडाक्षरी नि उलट्या क्रमाच्या संख्यानामांना मुलं अडखळतात. ऐकतो कोण? आम्ही विनोद करण्यात गुंतलो होतो. आता त्याच वरच्या मजल्यावर भिकार-सावकार चालतो. एक ते नव्याण्णव आकडे पानांवर लिहिलेले. दोघांनी एकेक पान उलटायचं, मोठा आकडा दोन्ही पानं उचलणार, पण दोन्ही आकडे मराठीत मोठ्यांदा म्हणता आले तरच. नातीची आई हिंजवडीला मोठ्या हुद्द्यावर आहे, पगाराचा आकडा आम्हाला बरोब्बर माहीत आहे. ती एकोणनव्वदला एकोणऐंशी म्हणाली आणि लेकीकडून भिकारी झाली. जिन्यात हशा ऐकू आला. आता ती ऑफिसला जाताना गाडीत पुटपुटते म्हणतात.

पण खरा भडका उडाला तो गुलामचोरावरून. खेळ तोच जुना. जोड्या लावून खाली टाकायच्या, शेजाऱ्याच्या हातातलं पान ओढायचं, शेवटी ज्याच्याकडे बिनजोडीचा गुलाम उरेल तो चोर. आजीबाईंनी काय केलं, पानाच्या जोडीला एकावर चित्र आणि दुसऱ्यावर शब्द घातला. आणि गुलामाच्या जागी कोण? ‘ढ’. शेवटी ज्याच्या हातात ढ राहील तो ढ! पोरं तर खूश होऊन नाचायला लागली. सी विंगमधल्या एका ताईंनी मात्र हरकत घेतली. त्यांनी बालमानसशास्त्राचा ऑनलाइन कोर्स केलेला आहे आणि तो केल्याचं त्या कुणाला विसरू देत नाहीत. मुलाच्या आत्मप्रतिमेला तडा जातो, म्हणाल्या. मग बैठक बसली. ढ काढून ‘ङ’ घालायचं ठरलं, कारण या अक्षराने सुरू होणारा शब्दच नाही, म्हणजे कुणाचा अपमान होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पुढच्याच डावात एका पोराने हरलेल्याला “ए ङ!” अशी हाक मारली. उच्चार नाकातून इतका झकास केला होता की व्याकरणाच्या बाई जिवंत असत्या तर त्यांनी त्याला जवळ घेतलं असतं. ताईंचं लक्ष सध्या दुसऱ्या कोर्सकडे आहे.

आता तुम्ही म्हणाल, पत्ते येतात कुठून? विकतही मिळतात. तीन-चारशे रुपये मोजले की गुळगुळीत कागद, गोड हत्ती, आणि पालकांसाठी सूचनापत्रक. त्यात खेळाने मुलाचे कोणकोणते विकास होतात त्याची लांबलचक यादी. वाढदिवसाला कंपासपेटी द्यायचे दिवस गेले, आता परतभेट म्हणून हेच डबे फिरतात, आणि आमच्या माहितीतला एक डबा तर वेष्टनासकट तीन वाढदिवस करून मूळ घरी परत आलाय. सरकारही मागे नाही. शिक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ काढला. तेरा भाषांमध्ये, खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रकार्डं आणि गोष्टी घालून. म्हणजे दिल्लीहूनच फूस आहे! दाद मागायची तरी कुणाकडे?

तरीपण खरी चलती आहे ती घरी कातरलेल्या पानांची. साहित्य काय, तर जुन्या लग्नपत्रिका. जाड, एका बाजूने कोऱ्या, आणि कोथरूडच्या कुठल्याही घरात माळ्यावर गठ्ठ्याने. बाराखडीच्या कॅटसाठी एका आजींनी केलेली युक्ती मात्र मी डोळ्यांनी पाहिली आणि मत्सर वाटला. इंग्रजीवाले सव्वीस अक्षरांचे पत्ते करून मोकळे होतात. आपल्याकडे चौतीस व्यंजनं, गुणिले बाराखडी, म्हणजे चारशे आठ पानं, जोडाक्षरं वेगळीच. एवढी पानं कातरायची तर सगळ्या भाचरांची लग्नं पुन्हा लावायला हवीत. आजींनी व्यंजनं पत्रिकांवर लिहिली आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार फायलीच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे तुकडे कापून त्यांवर काढले. प्लॅस्टिक ‘क’वर ठेवलं की ‘कि’. ते उचलून ‘म’वर ठेवलं की ‘मि’. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची अक्षरानंतर, हा जो घोळ पहिलीतल्या पोराला रडवतो, तो तिथे हाताने सरकवून सुटत होता. बालवाडीच्या बाईंना दाखवा म्हटलं, तर आजी म्हणाल्या, “कशाला? लगेच परीक्षा घेतील.”

याच आजींच्या घरातली पुढची गोष्ट कुणाला सांगू नका. नातू पाच वर्षांचा. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ एका झटक्यात ओळखायचा. आल्यागेल्यासमोर त्याचं कौतुक. एक दिवस आजोबांनी पाटीवर क्ष काढला तर पोरगं ढिम्म. चौकशी झाली. क्षच्या पानावर हळदीचा डाग होता आणि ज्ञचा कोपरा दुमडलेला. पोराने अक्षरं पाठ केलीच नव्हती, खुणा पाठ केल्या होत्या! पाचव्या वर्षी खुणेच्या पानांनी खेळणारा जुगारी कोथरूडात निपजला, आणि तोही सकाळी शुभंकरोती म्हणणाऱ्या घरात. (शुभंकरोती संध्याकाळी म्हणतात हे आम्हालाही माहीत आहे, संध्याकाळी डाव असतो.) आजींनी सगळी पानं नव्याने कातरली. त्याच रात्री नातवाने उताणी पडलेली पानं पालथी केली आणि एक पान हातात धरून अडखळत, बोट ठेवत वाचलं, “आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं.” कुठल्या तरी पत्रिकेच्या तळाशी चिमण्या पाहुण्यांच्या नावाने छापलेली ओळ, अर्ध्यात कापलेली. जन्मात स्वतःहून वाचलेलं त्याचं पहिलं वाक्य ते. वाच म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. आजोबांना मात्र कोण हा मामा, ते शोधून काढायची घाई झाली.

नॉट अॅट होम तर तुम्हाला येतच असेल. समोरच्याकडे नेमकं पान मागायचं, नसलं तर तो ‘नॉट अॅट होम’ म्हणणार आणि पाळी त्याची. डहाणूकर कॉलनीत त्याचे भांड्यांचे, वाहनांचे, दप्तराचे चार-चार पानांचे संच केलेत. नियम एकच जास्तीचा. पूर्ण वाक्यात मागायचं आणि लिंग चुकलं की पान असूनही नाही म्हणायचं. मी एका डावाला कडेला बसले होते.

“आजोबा, तुमचा पळी मला द्या.”

“पळी घरी नाही.”

“आहे! मला दिसली!”

“दिसली ना? मग तुमचा कसा?”

पोरगी क्षणभर थांबली, डोळे बारीक केले, आणि म्हणाली, “तुमची पळी.” क्रियापदात तिला येतच होतं, विशेषणापाशी घसरत होती. हे तिला व्याकरणाच्या पुस्तकाने दहा पानांत सांगितलं असतं आणि तिने दहाही पानं उलटली असती. पण पळीनंतर दप्तराचा संच निघाला आणि मोठ्यांनी घात केला. ‘तुमचा पेन’ की ‘तुमचं पेन’? एक काकू ‘ते पेन’वर ठाम. आजोबा ‘तो पेन’वर. सूनबाईंचं माहेर नागपूरचं, त्या म्हणाल्या आमच्याकडे तर ‘ती पेन’. झालं! पाऊण तास घमासान. मग मेट्रो ती का, ती आगगाडीवरून आली का बसवरून, आणि ट्रक तो असताना रिक्षा ती कशी? पोरं तोंडाचा आ वासून ऐकत होती. मोठी माणसं एका पेनावरून इतकी भांडतात म्हणजे ही भाषा काहीतरी महत्त्वाची वस्तू असणार, एवढं त्यांना नक्की कळलं असावं. पान कुणाला मिळालं ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

या सगळ्यात जपान्यांचाही हात आहे, हे मला उशिरा कळलं. त्यांच्याकडे नव्या वर्षाला ‘इरोहा कारुता’ नावाचा पत्त्यांचा खेळ खेळतात, एदो काळापासूनचा. एकाने म्हण वाचायची, बाकीच्यांनी त्या म्हणीचं पहिलं अक्षर आणि चित्र असलेलं पान जमिनीवर शोधून त्यावर थाप मारायची. म्हणी अठ्ठेचाळीस. पोरं लिपीही शिकतात आणि शहाणपणही. कुणीतरी टोकियोहून सुट्टीवर आलं, त्याने हे इथे पेरलं, आणि आता आमच्या शेजारी ‘आयत्या बिळावर’ एवढं ऐकू येतं न येतं तोच ‘आ’वर धाडकन थाप पडते. ‘ण’ आणि ‘ळ’ यांच्यापासून म्हण सुरू होत नाही, त्यामुळे ती दोन पानं मधे बिचारी पडून असतात. थोडक्यात, म्हणी पोरांच्या तोंडात बसल्या. त्याचा परिणाम काय? मागच्या महिन्यात व्याही राहायला आले, येताना आपला कुत्रा घेऊन. दार उघडायला आठ वर्षांची नात. तिने कुत्र्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात, हात वर करून, थाप मारण्याच्या तयारीत म्हणाली, “घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं!” संदर्भासह स्पष्टीकरण द्यायची गरजच उरली नाही. व्याही चहा घेऊन गेले.

पत्त्यांनी शिकवणं हे मुळातच बदनामीचं काम. थॉमस मुर्नर नावाचा एक फ्रान्सिस्कन साधू पोलंडातल्या क्राकोवला पत्त्यांनी तर्कशास्त्र शिकवायचा. १५०७ मध्ये त्याचं पुस्तकही छापून झालं. विद्यार्थी इतके भराभर शिकायला लागले की हा जादूटोणा करतो असा बोभाटा झाला म्हणतात. आपल्याकडे सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात गोल गोल एकशे वीस पानं. मत्स्य, कूर्म, वराह करत दहा अवतारांची, प्रत्येकाची बारा. ज्याला दहा अवतारांचा क्रम येत नाही त्याने खेळायला बसूच नये. म्हणजे आमच्या थोर परंपरेतही पत्ते होतेच, फक्त आम्ही ते सोयीने भिंतीवर चौकटीत टांगले.

आणि तो जॉन लॉक! इंग्रज तत्त्ववेत्ता, भारदस्त माणूस. १६९३ साली मुलांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं आणि त्यात अक्षरं चिकटवलेल्या फाशांनी वाचायला शिकवा म्हणून सांगितलं. त्याचा पुढचा सल्ला मला फार आवडला. हा खेळ मोठ्या माणसांचा आहे असं पोराला वाटू द्या, आणि खेळून झाला की त्याच्या हाती लागणार नाही असा उचलून ठेवा. म्हणजे बघा, लोखंडी कपाट! आमच्या आज्यांनी लॉक वाचला नव्हता, पण कुलूप त्यांनी नेमकं लावलं होतं. पत्त्यांत जे काही आकर्षण आहे ते त्या कुलपाचं आहे, असं आपलं माझं मत. विकतचे डबे कपाटात धूळ खात का पडतात? कारण ते आई कौतुकाने स्वतः आणून देते, शेजारी बसते, आणि तिसऱ्या पानाला म्हणते, “हं, आता हा शब्द तीनदा वाच बरं.” संपला खेळ. पोराला गृहपाठाचा वास लांबून येतो. सी विंगच्या ताईंनी तर डावानंतर भरायचा तक्ता छापून घेतला होता. आज किती नवे शब्द, किती जोडाक्षरं, मूल आनंदी होते का, हो किंवा नाही. त्यांच्या घरी आता कुणी खेळायला जात नाही. आजी जिंकण्यासाठी खेळते, प्रसंगी पान लपवते, पकडली गेली की कांगावा करते. म्हणून पोरं आजीकडे पळतात आणि तिला पकडण्यासाठी तिच्याहून जलद वाचतात.

एवढा गलका आमच्या सोसायट्यांतून, पण याच कोथरूडात लक्ष्मीनगरच्या वस्तीत पालकनीती परिवाराचं ‘खेळघर’ १९९६ पासून चालू आहे. शुभदा जोशींनी सुरू केलेलं. कष्टकऱ्यांच्या घरातली मुलं तिथे खेळ, गप्पा, चित्रं यांतूनच भाषेपर्यंत पोचतात, आणि तिकडची गरज आमच्यासारखी हौसेची नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, करोनानंतर २०२२ मध्ये २०.५ वर आली. शाळेत बसूनही न वाचता येणं म्हणजे काय, ते वस्तीतल्या आयांना आकडा न वाचताही ठाऊक असतं. आमच्याकडच्या दोघी-तिघींची कामवाली तिथूनच येते. तिचा मुलगा खेळघरात जायचा, हे तिने आम्हाला कितीदा सांगितलं असेल. आम्ही “बरं बरं, आधी भांडी घास” म्हणत होतो. परवा कॅट कसा कातरायचा यावर आमची चर्चा ऐकून तिने जाता जाता सांगितलं, “कोपरे गोल करा ताई, नायतर लवकर दुमडतात.” हळदीच्या घरातल्या आजींनी तेवढं आधी विचारलं असतं तर!

शेवटची बातमी ताजी आहे. क्लब हाउसमध्ये पोरांचा आरडाओरडा असह्य होऊन आमच्या सेक्रेटरींनी फलक लावला. ‘सुचना – येथे पत्ते खेळण्यास सक्त मनाई आहे.’ दुसऱ्या दिवशी सकाळी ‘सु’चा ऱ्हस्व उकार कुणीतरी लाल स्केचपेनने दीर्घ करून ठेवलेला. सेक्रेटरी खवळले. ही सोसायटीच्या मालमत्तेची नासधूस आहे म्हणाले, आणि मी चाळीस वर्षं बँकेत ‘सुचना’ असंच लिहीत आलोय म्हणाले. पोरांना ओळीने उभं केलं, सगळी तोंडं गुलामचोर खेळताना असतात तशी कोरी. मग आजी वरून मो. रा. वाळंब्यांचं व्याकरणाचं पुस्तक घेऊन खाली आल्या. उकार दीर्घच निघाला. फलक नवा रंगवून घेतला, खर्च देखभाल खात्यातून. वार्षिक सभेत त्यावर प्रश्न येणार आहेच.

मनाई कायम आहे. पोरं आता जिन्यात बसतात, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे. लिफ्ट तिथे थांबत नाही आणि सेक्रेटरींचे गुडघे तिथवर चढत नाहीत.